ऐन पावसाळ्यात झांझिबार: किनारा आणि डायव्हिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी झांझिबारला चार वेळा गेले आहे आणि त्यातल्या तीन खेपा ऐन पावसाळ्यातल्या. पहिल्यांदा निव्वळ खिशाकडे बघून, पुढच्या दोन्ही वेळा जाणूनबुजून. तेव्हापासून दर फेब्रुवारी-मार्चमध्ये ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे तेच तेच प्रश्न पाठवतात. ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं एका हौशी डायव्हरची आहेत, ट्रॅव्हल एजंटची नाहीत, हे लक्षात ठेवून वाचा.

१. झांझिबार हा वेगळा देश आहे का?

नाही, तो टांझानियाचा स्वायत्त भाग आहे. १९६४ मध्ये टांगानिका (म्हणजे मुख्य भूमी) आणि झांझिबार एक झाले आणि दोघांच्या नावांतून टांझानिया हे नाव आलं. झांझिबारचा स्वतःचा अध्यक्ष आणि स्वतःचं सरकार मात्र आजही आहे, त्यामुळे काही नियम मुख्य भूमीपेक्षा वेगळे आहेत (विम्याचा नियम प्रश्न ११ मध्ये पाहा). आपण सरसकट ज्याला झांझिबार म्हणतो ते बेट म्हणजे उंगुजा. त्याच्या उत्तरेला पेंबा. उंगुजाची लांबी साधारण ८५ किलोमीटर, म्हणजे दुपारी जेवून निघालात तर चहाला दुसऱ्या टोकाला. घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे.

२. ऑफ-सीझन म्हणजे नक्की कोणते महिने?

तिथे पाऊस वर्षातून दोनदा येतो. मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंतचा मोठा पाऊस म्हणजे मसिका, आणि नोव्हेंबर-डिसेंबरमधला छोटा पाऊस म्हणजे वुली. वारेही दोन: डिसेंबर ते मार्च ईशान्येकडून येणारा कास्काझी आणि एप्रिलनंतर दक्षिण-आग्नेयेकडून येणारा कुसी. कच्छची आणि अरबस्तानची गलबतं शतकानुशतकं कास्काझीवर तिकडे उतरायची आणि कुसी सुटला की परतायची. ही दोन नावं पाठ करून ठेवा. खोली कुठल्या किनाऱ्यावर घ्यायची ते हेच वारे ठरवतात (प्रश्न ६).

हॉटेलवाल्यांच्या लेखी खरा ऑफ-सीझन म्हणजे एप्रिल आणि मे. वुलीत सरी येऊन जातात, पण नाताळची गर्दी तोंडावर असल्यामुळे दर फारसे पडत नाहीत.

३. मुलांना सुटी एप्रिल-मेमध्येच असते. मग जावं की नाही?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न. आपली उन्हाळ्याची सुटी आणि त्यांचा मसिका बरोब्बर एकमेकांवर बसतात. पण ‘एप्रिल-मे’ असं एका दमात म्हणू नका. एप्रिल सगळ्यात ओला. मेच्या पहिल्या पंधरवड्यात नशीब आजमावायचं. मेचा शेवटचा आठवडा आणि जूनचे पहिले दहा-बारा दिवस हे मात्र सोनं आहे: पाऊस ओसरत आलेला, हॉटेलांचे दर अजून चढलेले नाहीत आणि आपल्याकडच्या शाळा उघडायच्या आहेत. मला कोणी एकच तारीख विचारली तर मी २८ मे सांगते.

एप्रिलमध्येच जायचं असेल तर किमान सात रात्री काढा आणि रोजचा कार्यक्रम आखू नका. ऑफ-सीझनमध्ये तुम्ही डाइव्ह विकत घेत नसता, दिवस विकत घेत असता. सात दिवसांतले चार चांगले निघतात, पण कुठले चार ते आधी कोणीच सांगू शकत नाही. चारच रात्री हातात असतील तर एप्रिलमध्ये झांझिबारला जाऊ नका, सरळ मालवण गाठा. तिथला समुद्र तेव्हा निवांत असतो.

४. पाऊस कोकणातल्यासारखा असतो का?

नाही. आषाढातली दिवसरात्रीची झड तिथे सहसा लागत नाही. जोरदार सर येते, रस्ता पाण्याखाली जातो आणि दोन तासांनी असं ऊन पडतं की पाठ भाजते. एप्रिलमध्ये तीनशे मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो, जूनमध्ये शंभराच्या आत येतो. रत्नागिरीला एकट्या जुलैत हजारभर पडतो, त्यामुळे आपल्याला घाबरण्यासारखं काही नाही. सलग दोन दिवस कोसळत राहिल्याचं मी एकदाच पाहिलं. खरा त्रास दमटपणाचा: ओला वेटसूट (डायव्हिंगचा रबरी पोशाख) वाळत नाही, बॅगेतल्या कपड्यांना वास येतो आणि किनाऱ्याकडे जाणारे कच्चे रस्ते चिखलाचे होतात. दोरी, चिमटे आणि जुने वर्तमानपत्रांचे कागद न्या. हसू नका, उपयोगी पडतात.

५. पावसात डायव्हिंग होतं का? पाण्याखाली काही दिसतं तरी का?

होतं. बोटी पावसाने थांबत नाहीत, वाऱ्याने थांबतात. पाणी वर्षातलं सगळ्यात उबदार याच दिवसांत असतं, एप्रिलमध्ये २८-२९ अंश. तीन मिलिमीटरचा वेटसूट पुरतो. ऑगस्टमध्ये हेच पाणी २५ पर्यंत उतरतं आणि दुसऱ्या डाइव्हला दात वाजतात.

पाण्यातली नजर मात्र कमी होते. चांगल्या दिवसांत वीस-तीस मीटरपर्यंत दिसतं, मसिकात दहा-पंधरावर समाधान मानायचं, आणि मोठ्या पावसानंतर किनाऱ्याजवळ त्याहूनही कमी. म्हणून लांबचं बघायला जाऊ नका, जवळचं बघा. दगडासारखा बसून राहणारा फ्रॉगफिश, वाळलेल्या पानासारखा डुलणारा लीफ फिश, समुद्रघोडे, नखाएवढ्या रंगीत समुद्री गोगलगायी हे सगळं हातभर अंतरावरूनच पाहायचं असतं. त्याला तीस मीटरची नजर कशाला हवी? मोठ्या प्राण्यांची आशा धरू नका. हंपबॅक देवमासे जुलै ते ऑक्टोबरमध्ये येतात. व्हेल शार्क पाहायचे तर दक्षिणेकडच्या माफिया बेटाजवळ, तेही ऑक्टोबर ते मार्चमध्ये.

जागांबद्दल. ईशान्येचं म्नेंबा हे सगळ्यात प्रसिद्ध आणि संरक्षित क्षेत्र, त्याचं शुल्क वेगळं पडतं. छोटं बेट खासगी आहे, त्यावर उतरता येत नाही. भोवतालच्या प्रवाळावर डाइव्ह करायची. सीझनमध्ये तिथे स्नॉर्केलिंगच्या (नळीने श्वास घेत पाण्यावर तरंगून खाली बघण्याच्या) बोटींची जत्रा असते. मेमध्ये एका सकाळी आमची एकटीच बोट होती आणि हिरव्या पाठीचं एक कासव आमच्याकडे ढुंकूनही न बघता वीस मिनिटं चरत होतं. उत्तरेची लेव्हन बँक खोल आणि जोराच्या प्रवाहाची, नवख्यांनी तिकडे वळू नये. वारा उलटा असला की पश्चिमेला स्टोन टाउनसमोर बावे, पांगे इथले प्रवाळ हाताशी असतात. तिथेच १९०२ मध्ये बुडालेल्या ‘ग्रेट नॉर्दर्न’ या समुद्री तारा टाकणाऱ्या ब्रिटिश जहाजाचे अवशेष आहेत. फार खोल नाहीत, त्यामुळे ओपन वॉटर हा डायव्हिंगचा पहिला कोर्स केलेल्यालाही झेपतात.

एक सूचना: पाणी सगळ्यात गरम असतं तेव्हाच प्रवाळ पांढरं पडण्याचा धोका असतो. १९९८ मध्ये पश्चिम हिंदी महासागरभर हे झालं. पांढरं प्रवाळ दिसलं तर ते मेलेलंच आहे असं नाही, आजारी असू शकतं. हात लावू नका, पायात घातलेल्या रबरी पंखांनी (फिन) वाळू उडवू नका.

६. राहावं कुठे? नुंगवी, पाजे, मटेम्वे की स्टोन टाउन?

कुसी सुटला की पूर्व आणि आग्नेय किनारा (पाजे, जांबियानी) त्याच्या तोंडावर येतो. पतंग बांधून लाटांवर धावणाऱ्या काइटसर्फरना तेच हवं असतं, डायव्हरला नको असतं. उत्तरेचं नुंगवी आणि वायव्येचं केंद्वा त्या मानाने आडोशाला, आणि तिथे ओहोटीतही पोहता येतं. मटेम्वे म्नेंबाला सगळ्यात जवळ, पण भरती-ओहोटीचा प्रश्न आहे (पुढचाच प्रश्न). माझा बेत ठरलेला असतो: पाच रात्री नुंगवी, शेवटच्या दोन स्टोन टाउन. शेवटच्या का, ते प्रश्न १४ मध्ये.

बुकिंग करण्याआधी हॉटेलला थेट विचारा: त्या तारखांना तुमचं स्वयंपाकघर चालू आहे का? पोहण्याच्या तलावाचं काम निघालंय का? जनरेटर आहे का? एप्रिल-मेमध्ये कित्येक हॉटेलं डागडुजीसाठी बंद असतात, काही अर्धवट चालू असतात. एकदा मी स्वस्तात मस्त म्हणून खोली घेतली आणि सहा दिवस फरशा कापण्याच्या यंत्राच्या आवाजात काढले.

७. फोटोत निळा समुद्र होता, प्रत्यक्षात पोचलो तर समुद्रच नव्हता! असं का?

ओहोटी. पूर्व किनारा उथळ आहे आणि उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या घरात जातो, त्यामुळे पाणी दूर प्रवाळाच्या कडेपर्यंत मागे हटतं. मधल्या चिखलवाळूत बायका समुद्री शेवाळाची शेती करताना दिसतात. त्यांच्या दोऱ्या तुडवू नका, ते त्यांचं शेत आहे.

यावर आपल्याकडे फुकटचं साधन आहे: भिंतीवरचं कालनिर्णय. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी. कोकणातल्या कोळ्याला जे ठाऊक असतं तेच तिथेही लागू. पूर्व किनाऱ्यावर राहायचं असेल तर अष्टमीच्या आसपासचे दिवस धरा. पायात रबरी बूट हवेतच, कारण ओहोटीच्या पाण्यात समुद्री साळिंदर म्हणजे काटेरी अर्चिन पसरलेले असतात.

८. खरंच किती स्वस्त पडतं?

खोल्या मला एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत कमी दराने मिळाल्या आहेत. डायव्हिंग तेवढं उतरत नाही, कारण डिझेल आणि माणसं तीच. दोन डाइव्हच्या फेरीला शंभर डॉलरच्या पुढेच धरा, चार-पाच फेऱ्या एकदम ठरवल्या तर घासाघीस चालते. विमानाबाबत मात्र लोक फसतात. त्यांचा ऑफ-सीझन म्हणजे आपला भर सीझन, त्यामुळे मुंबईहून मेमधलं तिकीट स्वस्त नसतं. लवकर काढा. हॉटेलात माणशी दर रात्रीचा कर बिलाव्यतिरिक्त लागतो. डॉलर नेत असाल तर २००९ नंतर छापलेल्या, न फाटलेल्या नोटा न्या. जुन्या कोणी घेत नाही.

९. पोहता येत नाही. तरी डाइव्ह करता येईल का? दमा असेल तर?

फक्त अनुभव म्हणून करायची डाइव्ह (डिस्कव्हर स्कूबा) प्रशिक्षकाचा हात धरून १२ मीटरपर्यंत होते आणि तिला पोहण्याची परीक्षा नसते. ओपन वॉटर कोर्सला असते: २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं. कोर्स झाला की १८ मीटरपर्यंत जाता येतं, पुढच्या ॲडव्हान्स्ड कोर्सनंतर ३० मीटर. किमान वय १० वर्षं. पण मसिकात पहिलीच डाइव्ह करायची तर शांत दिवशी करा. गढूळ पाणी आणि हलती बोट यात पहिल्यांदा उतरलेला माणूस पुन्हा उतरत नाही.

दमा, हृदयविकार, फिट येणं, कानाचं ऑपरेशन यातलं काही असेल तर तिथल्या आरोग्य-प्रश्नावलीत एक ‘हो’ लिहिताच डॉक्टरांचं पत्र मागतात. ते घरूनच इंग्रजीत घेऊन जा. खोटं ‘नाही’ लिहिणारे भेटतात. त्यांच्या शेजारी मी पाण्यात उतरत नाही.

१०. तारकर्लीला स्कूबा केलंय. ते चालेल ना?

आनंदाची गोष्ट, पण तिथे बहुतेकांनी केलेली ती अनुभव-डाइव्ह असते, परवाना नव्हे. झांझिबारमध्ये तुम्ही पुन्हा नवखेच धरले जाता. कार्ड असेल पण वर्ष-दीड वर्ष पाण्यात उतरला नसाल, तर पहिल्या दिवशी उजळणी करून घ्या. जाण्याआधी मालवणात उजळणी केलीत तर उत्तमच, मेमध्ये तिथला समुद्र उघडा असतो.

११. व्हिसा आणि विमा?

भारतीयांना टांझानियाचा ई-व्हिसा ऑनलाइन मिळतो. एका प्रवेशाच्या साध्या व्हिसाचे ५० डॉलर. त्याशिवाय १ ऑक्टोबर २०२४ पासून झांझिबारमध्ये येणाऱ्या परदेशी पर्यटकाला झांझिबार विमा महामंडळाचा ४४ डॉलरचा विमा सक्तीचा आहे, मुलांना कमी. तुमच्याकडे भारतातला प्रवास विमा असला तरी हा लागतोच. स्वाहिलीत विम्याला ‘बिमा’ म्हणतात, गाडीला ‘गारी’, दुकानाला ‘दुका’ आणि लाखाला ‘लाकी’, त्यामुळे खिडकीवर फार अडत नाही.

पण या विम्यावर विसंबून डाइव्ह करू नका. साध्या प्रवास विम्यात स्कूबा बहुधा वगळलेलं असतं किंवा खोलीची मर्यादा असते. डायव्हिंगचा स्वतंत्र विमा घ्या आणि डाइव्ह सेंटरला विचारा की जवळचा रिकम्प्रेशन चेंबर (डाइव्हनंतर त्रास झालेल्यावर उपचार करायची दाबाची खोली) कुठे आहे आणि आज तो चालू आहे का. ‘आज’ या शब्दावर जोर द्या.

१२. पिवळ्या तापाची लस लागते का?

हा प्रश्न तुमच्या विमानाच्या वाटेवर अवलंबून आहे. भारतातून थेट येणाऱ्याकडे टांझानिया प्रमाणपत्र मागत नाही. पण पिवळ्या तापाचा धोका असलेल्या देशातून, म्हणजे इथिओपिया किंवा केनियातून आलात, किंवा तिथल्या विमानतळावर १२ तासांहून जास्त थांबलात, तर मागतात. मुंबईहून जाणाऱ्या सोयीच्या वाटा नेमक्या अदिस अबाबा आणि नैरोबीवरूनच आहेत. खरी अडचण परतताना: भारत सरकारच्या यादीतल्या देशातून प्रमाणपत्राशिवाय उतरलात तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. माझं मत, लस घेऊन टाका. ती सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते, प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं आणि नंतर आयुष्यभर चालतं. तान्ही बाळं, गरोदर बायका आणि वयस्क यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

१३. मलेरियाच्या गोळ्या?

बेटावर मलेरिया मुख्य भूमीपेक्षा बराच कमी आहे, पण पावसाळा म्हणजे डास, आणि डेंग्यूला गोळी नाही. मच्छरदाणी, लांब बाह्या, मलम. गोळ्यांचं डॉक्टरांशी बोला आणि ‘मी डाइव्ह करणार आहे’ हे आवर्जून सांगा: मेफ्लोक्विनमुळे चक्कर, घबराट असे त्रास होऊ शकतात आणि डायव्हरला ती टाळायला सांगतात.

१४. शेवटच्या दिवशी सकाळी डाइव्ह करून संध्याकाळचं विमान पकडता येईल?

नाही. रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. सलग काही दिवस डाइव्ह केल्या असतील तर किमान १८ तास थांबायचं. मी २४ धरते. मुख्य भूमीवरच्या दार-एस-सलामला जाणारं छोटं विमानही विमानच. फेरी बोटीने जाल (साधारण दोन तास), पण तिथून पुढे उडायचंच असेल तर घड्याळ तेच.

यातला कोणाच्या लक्षात न येणारा प्रकार म्हणजे सफारी. मुख्य भूमीवरच्या न्गोरोंगोरो या ज्वालामुखी विवराची कडा समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरपेक्षा उंच आहे, म्हणजे जमिनीवरून गेलात तरी शरीराच्या हिशोबाने ते उड्डाणच. म्हणून आधी सिंह, मग मासे.

१५. चक्रीवादळ येतं का?

क्वचित. बेट विषुववृत्तापासून सहाच अंशांवर आहे आणि तिथे वादळांना फिरकी मिळत नाही. पण ‘कधीच नाही’ म्हणू नका. एप्रिल १८७२ मध्ये आलेल्या वादळाने उंगुजावरच्या लवंगेच्या बागा झोपवल्या. पेंबा वाचलं आणि लवंगेचं राज्य तिकडे गेलं. मे २०२४ मध्ये ‘हिदाया’ माफिया बेटाकडे सरकलं तेव्हा दार-एस-सलाम ते झांझिबार फेरी बोटी बंद ठेवल्या होत्या. परतीचं आंतरराष्ट्रीय विमान दार-एस-सलामहून असेल तर एक रात्र आधीच तिकडे पोचा.

१६. वाऱ्यामुळे बोट सुटलीच नाही तर पैसे परत मिळतात का?

त्यांनी रद्द केली तर चांगली सेंटरं तारीख बदलून देतात किंवा पैसे परत करतात. तुम्ही ‘आभाळ आलंय, नको’ म्हणालात तर नाही. सगळं आगाऊ भरू नका. आणि कप्तान ‘आज नाही’ म्हणाला तर हुज्जत घालू नका. तुम्ही आग्रह केल्यावर ‘बरं चला’ म्हणणारा कप्तान जास्त धोक्याचा.

१७. नवरा (किंवा बायको) डाइव्ह करत नाही. पावसात त्यांनी काय करायचं?

स्टोन टाउन पावसातच जास्त चांगलं दिसतं. २००० पासून ते जागतिक वारसा आहे. प्रवाळदगडाची घरं, पितळी खिळ्यांचे दरवाजे, बाल्कन्यांवरचं गुजराती धाटणीचं कोरीवकाम. थारिया तोपन या कच्छी व्यापाऱ्याने बांधायला घेतलेला जुना दवाखाना जरूर बघा. गुलामांचा बाजार १८७३ मध्ये बंद झाला, त्या जागी आता अँग्लिकन कॅथेड्रल उभं आहे. तिथे घाईने जाऊ नका. ‘हाउस ऑफ वंडर्स’ हा राजवाडा डिसेंबर २०२० मध्ये अर्धवट कोसळला, आत जाता येईल असं धरून चालू नका. फ्रेडी मर्क्युरीचा, म्हणजे फरोख बुलसाराचा जन्म याच गावातला, १९४६ चा. शिकला मात्र आपल्या पाचगणीच्या वसतिगृहशाळेत.

जोझानीच्या जंगलात लाल कोलोबस माकडं पावसातही भेटतात. चुंबे बेटाचं प्रवाळ उद्यान अप्रतिम आहे, पण तिथे फक्त स्नॉर्केलिंग, आणि मसिकात काही आठवडे ते बंदच असतं.

१८. शाकाहारी माणसाचं काय?

उपाशी राहणार नाही. नारळाच्या दुधातला राजमा (महारागे या नाझी), नारळीभात, चपाती आणि कचुंबरी ही चौकट सगळीकडे मिळते. उरोजो नावाचं आंबट सूप मागताना मात्र ‘बिला न्यामा, बिला समाकी’ म्हणजे मांस-मासे नको असं सांगा, नाहीतर वर काहीतरी पडतंच. बोटीवर जेवण म्हणजे बहुधा फळं आणि बिस्किटं. भाजलेले शेंगदाणे घरून न्या.

१९. कपडे कसे घालावेत? रमजान मध्ये येतो का?

हॉटेलच्या किनाऱ्यावर पोहण्याचे कपडे चालतात. गावात आणि स्टोन टाउनमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पुरुषांचेही. वस्ती जवळपास सगळी मुसलमान आहे. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. २०२३ मध्ये तो मार्च-एप्रिलमध्ये होता, २०२६ मध्ये फेब्रुवारी-मार्चवर आला, त्यामुळे आता बरीच वर्षं मसिकाशी त्याची गाठ पडणार नाही.

२०. डॉल्फिन बघायला जावं का? शिंपले आणावेत का?

किझिमकाझीला सीझनमध्ये दहा-दहा बोटी डॉल्फिनच्या कळपामागे लागतात. मी एकदा गेले, पुन्हा जाणार नाही. जायचंच तर अंतर राखणारी बोट निवडा आणि पाण्यात उडी मारू नका. शिंपले, प्रवाळ विकत घेऊ नका: तिथून नेणं अडचणीचं आणि भारतात प्रवाळ व काही शंख वन्यजीव कायद्याखाली येतात. आणायचंच असेल तर लवंग आणा.

२१. बोटवाल्याने ‘सा म्बिली’ला ये सांगितलं. म्हणजे दुपारी दोनला ना?

नाही, सकाळी आठला! स्वाहिली घड्याळ सकाळी सहाला सुरू होतं: सातला एक, आठला दोन. आपल्याकडे प्रहर सूर्योदयापासून मोजत, तसंच. डाइव्ह सेंटरवाले पर्यटकांशी इंग्रजी वेळेने बोलतात, पण गावातला मछवेवाला किंवा गाडीवाला आपल्या वेळेने बोलतो. मी पहिल्या खेपेला दुपारी दोनच्या हिशोबाने, पोटभर जेवून किनाऱ्यावर पोचले, तर बोट जाऊन परत आलेली आणि म्हातारा जाळं विणत बसलेला. आता मी दरवेळी विचारते, तुमचे दोन की माझे दोन?